परदेशी निघालेल्या लेकीचे औषध

माधवगंजात अजून काही घरे अशी आहेत, की जेथे देवघराशेजारच्या फडताळात आजीचा औषधांचा डबा जपून ठेवलेला आढळतो. सुंठ, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, बाळहिरडा, हळकुंड असा त्यातला ऐवज. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर शहर झाले. तेव्हापासून पिढ्यानपिढ्या पुणे, सातारा, कोकण या भागांतून ज्या मुली लग्न होऊन इकडे आल्या, त्यांना बाजारात पहिली अडचण आली असेल ती नावांची. ओवा मागावा, तर पंसारी तोंडाकडे पाहत राहणार. कारण त्याच्या लेखी ती अजवायन. ज्येष्ठमध म्हणजे मुलेठी, वेखंड म्हणजे बच, बडीशेप म्हणजे सौंफ, हिरडा म्हणजे हरड. वस्तू तीच, दुकानही भरलेले. परंतु नाव ठाऊक नाही म्हणून हात रिकामे. सासूने किंवा शेजारणीने चार दिवस बरोबर येऊन नावे शिकविली, की ही अडचण दूर होत असे.

आज आमच्या याच मोहल्ल्यातल्या मुली लग्न होऊन न्यू जर्सी, टोरांटो, लेस्टर, दुबई येथे जात आहेत. त्यांच्याबरोबर शालू, पैठणी, लोणच्याच्या बरण्या, भाजणीचे डबे, मेतकूट यांची रवानगी मोठ्या हौसेने होते. बॅगेचे वजन तीन-तीनदा करून पाहिले जाते. पण मुलीला रोज घ्यावी लागणारी गोळी तिकडे कोण लिहून देणार, ती कोणत्या नावाने मिळणार आणि बरोबर नेलेला साठा संपल्यावर पुढे काय, याचा विचार फारच थोड्या घरांत होतो. पूर्वीच्या सुनेला शेजारीण तरी होती. या सुनेला त्या परक्या गावात बहुधा एकटा नवरा, आणि तोही दिवसभर कचेरीत. म्हणून या विषयावर चार गोष्टी व्यवस्थित मांडाव्यात, असे आम्हांस वाटले.

तीन महिन्यांची पुरचुंडी

एक उदाहरण देतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. आमच्या माहितीतल्या एका घरची सुशिक्षित मुलगी लग्नानंतर अमेरिकेस गेली. तिला थायरॉइडचा विकार. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी. निघताना आईने तीन महिन्यांच्या गोळ्या बांधून दिल्या आणि 'संपल्या की कळव, कोणाबरोबर तरी पाठवू' असे सांगितले. तीन महिने सुखाने गेले. चौथ्या महिन्यात येणारे कोणी मिळेना. तिकडे डॉक्टरकडे जावे, तर किती खर्च येईल या धास्तीने तिने नवऱ्याजवळ विषयच काढला नाही. उरलेल्या गोळ्या तिने एक दिवसाआड घेण्यास सुरुवात केली आणि पुढे त्याही संपल्या. दोन महिन्यांनी दिवस राहिल्याचे कळले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले आणि त्या चिंतेत पडल्या. पुढे उपचार झाले, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. परंतु ते काही आठवडे त्या घराने कसे काढले, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

येथे थोडे शास्त्र समजून घेतले पाहिजे. या गोळीतले औषध, म्हणजे लिव्होथायरॉक्सीन, शरीरातून निम्मे नाहीसे होण्यास सुमारे सात दिवस घेते. त्यामुळे एखाद दिवस गोळी चुकली तर काही बिघडत नाही, आणि नेमके यामुळेच मनुष्य फसतो. 'नाही घेतली तरी काही होत नाही' असे वाटू लागते. प्रत्यक्षात काही आठवड्यांत शरीर मंदावत जाते. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पहिले तीनएक महिने पुरेसे काम करीत नाही. त्या काळात बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या रक्तातल्या या द्रव्यावर अवलंबून असते. म्हणूनच गरोदरपणी मात्रा कमी करून चालत नाही. उलट बहुतेकींना ती पाव ते निम्म्याने वाढवावी लागते. नवविवाहितेच्या बाबतीत ही साधी वाटणारी गोळी किती मोलाची आहे, हे यावरून ध्यानी यावे.

अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या, औषधाचे तर याहून कठीण. ती गोळी एकाएकी थांबविली, तर झटके पुन्हा उद्भवतात, क्वचित एकामागून एक येतात आणि जीव धोक्यात पडतो. दम्याचा फवारा, मधुमेहाचे इन्शुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, मनाच्या विकारांवरील औषधे, यांपैकी कोणतीही गोष्ट 'पाहू पुढे' म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

आपली सवय आणि तिकडचा कायदा

कायदा आपल्याकडेही आहे. १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची एच मध्ये जी औषधे येतात, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम आहे. वेष्टनावरचे 'आरएक्स' हे चिन्ह त्याचीच खूण. १ मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि झोपेच्या गोळ्या यांसाठी एच-१ ही आणखी कडक अनुसूची लागू झाली. त्या औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे ठेवावयाची असते. नियम असे असले, तरी व्यवहार आपण सारे जाणतोच. रिकामी पट्टी नेऊन दुकानदारापुढे धरावी, 'भैया, यही वाली दे दो' म्हणावे, आणि त्याने कात्रीने चार गोळ्या कापून कागदाच्या पुडीत घालाव्यात. चिठ्ठी तीन वर्षांपूर्वीची. पुष्कळदा तीही हरवलेली.

या सवयीवर वाढलेली मुलगी अमेरिकेच्या किंवा इंग्लंडच्या औषधाच्या दुकानात जाऊन उभी राहते, तेव्हा तिला प्रथमच नकार ऐकावा लागतो. आपल्या जयारोग्य रुग्णालयाचा पर्चा असो की मुंबईच्या नामांकित तज्ज्ञाची चिठ्ठी, अमेरिकेत तिच्यावर औषध मिळत नाही. तेथे वैद्यकीचा परवाना असलेल्याने लिहिलेली चिठ्ठीच चालते. याचा अर्थ आपली चिठ्ठी निरुपयोगी, असा मात्र कोणी करून घेऊ नये. दुकानात ती चालत नसली, तरी नव्या डॉक्टरांसमोर ती फार मोठा आधार ठरते. कोणता रोग, केव्हापासून, कोणते औषध, किती मात्रेत, हे लेखी दिसले म्हणजे त्यांना मुळारंभापासून चाचपडावे लागत नाही.

तिकडे डॉक्टर बहुधा संगणकावरूनच दुकानास औषध कळवितात. गोळ्या मोजून डबीत भरतात. डबीवर रुग्णाचे नाव, औषधाचे मूळ नाव, घेण्याची रीत आणि पुन्हा किती वेळा भरून मिळेल तो आकडा छापलेला असतो. तो आकडा शून्यावर येण्यापूर्वीच डॉक्टरांची पुढची भेट ठरवावी. भेट मिळण्यास तेथे कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणून गोळ्या संपत आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पोहोचल्याबरोबर, पहिल्या पंधरवड्यातच, भेटीची वेळ मागून ठेवणे शहाणपणाचे.

नावांचा घोळ

आता ओवा आणि अजवायन यांच्याकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली ठराव करून औषधांना सर्व देशांत एकच मूळ नाव असावे, अशी पद्धत आरंभिली आणि १९५३ मध्ये त्या नावांची पहिली यादी प्रसिद्ध केली. तरीही अमेरिकेने काही औषधांची स्वतःची नावे कायम ठेवली. आपले पॅरासिटामॉल तेथे ॲसिटामिनोफेन होते. दम्याच्या फवाऱ्यातले साल्ब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल, मधुमेहावरचे ग्लायबेनक्लामाइड तेथे ग्लायब्युराइड, क्षयावरचे रिफाम्पिसिन तेथे रिफाम्पिन आणि ॲड्रिनॅलिन तेथे एपिनेफ्रिन. औषध तेच, केवळ पंसारी बदलला.

कंपन्यांनी दिलेल्या नावांचा घोळ याहून मोठा. क्रोसिन, अस्थालिन, थायरोनॉर्म, ग्लायकोमेट ही नावे आपल्या तोंडी इतकी बसली आहेत, की तीच औषधाची खरी नावे वाटतात. न्यू जर्सीच्या डॉक्टरांना त्यांतून काहीच बोध होणार नाही. कधी कधी तर एकच व्यापारी नाव दोन देशांत दोन भिन्न औषधांना असते. 'फ्लोमॅक्स' या नावाने अमेरिकेत पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या विकारावरचे औषध मिळते, तर इटलीत त्याच नावाने सूज-वेदना कमी करणारे वेगळेच औषध विकले जात असे; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली अशा नावांबाबत जनतेस सावधही केले होते. तात्पर्य, मुलीला औषधाचे मूळ नाव पाठ हवे. ते प्रत्येक पट्टीवर छापलेले असतेच. २०१६ साली तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांनी मूळ नाव सुवाच्य, शक्य तर मोठ्या लिपीत लिहावे, असा नियमही केला. आपण डॉक्टरांना तसे नम्रपणे सुचविले, तर त्यात गैर काही नाही.

मात्रेविषयीही सावध असावे. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. पण 'मिलि' आणि 'मायक्रो' यांची अदलाबदल झाली, तर हजारपटींचा फरक पडतो. आपल्याकडे ६२.५ मायक्रोग्रॅमची गोळी मिळते. अमेरिकेत त्या मापाची गोळी नसते, तेव्हा डॉक्टर जवळची मात्रा निवडून काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात. गोळीचा रंग किंवा आकार बदललेला पाहून भिण्याचे कारण नाही, आणि न विचारता जुन्या गोळीची जोड देण्याचेही नाही. इंग्लंड-कॅनडात रक्तातली साखरही निराळ्या एककात सांगतात. तेथील आकड्याला १८ ने गुणले, की आपला आकडा येतो. तेथे ७ म्हणाले, म्हणजे आपल्याकडचे १२६.

निघण्यापूर्वी करावयाची तयारी

प्रवासाच्या निदान महिनाभर आधी नेहमीच्या डॉक्टरांकडून एक पत्र इंग्रजीत, टंकलिखित करून घ्यावे. त्यात विकाराचे नाव, औषधाचे मूळ नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा, केव्हापासून चालू आहे, आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, इतके असावे. खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. सोबत अलीकडच्या रक्ततपासणीचे अहवाल व लसी टोचल्याच्या नोंदी ठेवाव्यात.

येथे आपल्या मराठी घरांसाठी एक खास सूचना आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव बदलते आणि काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नावही लिहिले जाते. मग पारपत्र माहेरच्या नावाचे, डॉक्टरांचा कागद सासरच्या नावाचा आणि रक्ताचा अहवाल घरच्या लाडक्या नावाचा, असा प्रकार होतो. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ही तिन्ही नावे एकाच मुलीची आहेत हे कसे कळावे? सर्व वैद्यकीय कागद पारपत्रावर असलेल्या नावानेच करून घ्यावेत. विधीतले नाव विधीपुरते गोड मानावे.

गोळ्या मूळ वेष्टनातच न्याव्यात. कापलेल्या पट्टीवर नाव असते तर मुदत नसते, मुदत असते तर नाव नसते. म्हणून दुकानदाराकडून पूर्ण पट्ट्या व पक्के बिल घ्यावे. औषध हातातल्या पिशवीत ठेवावे. मोठी बॅग वाटेत हरवली, तर लोणचे गेल्याचे दुःख सहन होईल, इन्शुलिन गेल्याचे होणार नाही. अमेरिकेत स्वतःच्या उपयोगासाठी साधारणतः ९० दिवसांपर्यंतचा साठा नेऊ देतात. कॅनडाचा दंडकही ९० दिवसांचाच आहे. जपानात चिठ्ठीच्या औषधांना एक महिन्याची मर्यादा असून अधिक न्यावयाचे तर आधी प्रमाणपत्र मागवावे लागते. संयुक्त अरब अमिरातीत झोपेच्या, तीव्र वेदनाशामक आणि कोडीन असलेल्या औषधांसाठी आरोग्य मंत्रालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. खोकल्याचे साधे वाटणारे औषधसुद्धा तेथे तुरुंगाची वाट दाखवू शकते. ज्या देशी जावयाचे, तेथील नियम निघण्यापूर्वी त्या देशाच्या वकिलातीकडून तपासून घ्यावेत.

आपल्या घरात सर्रास असणारी काही औषधे तिकडे बाजारातच नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ॲनाल्जिन अमेरिकेने १९७७ मध्येच बाजारातून काढले. निमेसुलाइडला तेथे कधी मान्यताच मिळाली नाही, आणि आपल्याकडेही २०११ पासून बारा वर्षांखालील मुलांना ते देण्यास बंदी आहे. आयुर्वेदीय भस्मे, रसौषधी नेणाऱ्यांनी विशेष जपावे. २००४ साली अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. आयुर्वेदाचा आम्हांस आदरच आहे. परंतु गरोदर राहण्याचा विचार असलेल्या मुलीने पुड्या-वड्यांविषयी तिथल्या डॉक्टरांस मोकळेपणाने सांगावे, एवढेच आमचे म्हणणे. पाळणा लांबविण्याच्या गोळ्यांचेही तसेच. आपल्याकडे माला-एन सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. अमेरिकेत चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या अशा पहिल्या गोळीस मान्यता मिळाली ती २०२३ मध्ये, बाकीच्यांना चिठ्ठी लागतेच. संकोचाने हा विषय निघत नाही आणि पुढे पंचाईत होते.

विमा आणि पैसा

अमेरिकेत बहुतेक नोकरदारांचा विमा कचेरीमार्फत असतो आणि पत्नीचे नाव त्यात आपोआप चढत नाही. विवाहानंतर नाव घालण्याची मुदत कायद्याने निदान ३० दिवसांची आहे. ती टळली, तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावे लागण्याचा संभव असतो. पत्नी लग्नानंतर काही महिन्यांनी जाणार असेल, तर जावईबापूंनी लग्नाआधीच आपल्या कचेरीत लेखी विचारून ठेवावे. हा प्रश्न त्यांना विचारणे म्हणजे व्याह्यांचा पाणउतारा नव्हे. प्रवासी विमा काढून दिला म्हणून निश्चिंत होऊ नये. असले बहुतेक विमे जुन्या आजाराचा खर्च देत नाहीत. या उलट २०१४ पासून अमेरिकेत नियमित आरोग्य विमा जुन्या आजाराच्या कारणाने नाकारता येत नाही. म्हणजे आजार लपवून तेथे काडीचा लाभ नाही. विमा नसलेल्यांसाठी सरकारी साहाय्यावर चालणारी आरोग्य केंद्रे आहेत. ती उत्पन्न पाहून फी आकारतात. आणि मूळ नावाने मिळणाऱ्या गोळ्या तेथेही पुष्कळदा स्वस्त असतात. वर सांगितलेल्या मुलीने ज्या खर्चाच्या भीतीने दोन महिने औषधावाचून काढले, तो गोळ्यांचा खर्च महिन्याला काही थोड्या डॉलरांचाच निघाला.

इंग्लंडची रीत निराळी. तेथे व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांना वर्षाला १०३५ पौंड झाला. तो भरला म्हणजे सरकारी आरोग्य सेवा इतर नागरिकांप्रमाणेच मिळते. पोहोचताच घराजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. औषधाच्या प्रत्येक बाबीस इंग्लंडमध्ये मे २०२४ पासून ९.९० पौंड असा दर ठरला. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे औषध विनामूल्य आहे. पण इंग्लंडमध्येही थायरॉइडची गोळी कायमची लागणारे, मधुमेहाची औषधे घेणारे आणि अपस्माराची औषधे घेणारे यांना पाच वर्षांचे सूट-प्रमाणपत्र मिळते व मग त्यांची सर्वच औषधे विनामूल्य होतात. हे प्रमाणपत्र मागावे लागते. ठाऊक नसलेल्या कित्येक सुना उगाच पैसे भरीत राहतात. कॅनडात प्रांतागणिक नियम वेगळे. ब्रिटिश कोलंबियात सरकारी विमा सुरू होण्यास पोहोचल्याचा उरलेला महिना व पुढचे दोन महिने जावे लागतात, तर ओंटारिओने अशी प्रतीक्षा मार्च २०२० मध्ये रद्द केली.

टपालाने औषध

'आम्ही इथून पाठवीत राहू' हा मार्ग मात्र सोडून द्यावा. परदेशातून टपालाने आलेली चिठ्ठीची औषधे अमेरिकेच्या जकातीत अडविली जातात आणि गोळी न पोहोचता केवळ चिंता पोहोचते. शिवाय औषध पाठविता आले, तरी तपासणी पाठविता येत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात याचे एक हृद्य उदाहरण आहे. १८८३ साली त्या अमेरिकेस निघण्यापूर्वी, कलकत्त्याकडे असताना, त्यांना सतत डोकेदुखी, ताप, धाप यांचा त्रास होता. न्यू जर्सीतील रॉसेल गावच्या कारपेंटरबाईंनी केवळ पत्रांच्या ओळखीवर त्यांच्यासाठी तिकडून औषधे पाठविली. माया अपार होती. पण गुण आला नाही. जवळ बसून नाडी पाहणारा कोणी नव्हता, ही त्यातली उणीव. आज प्रत्येक गावी डॉक्टर आहे. तेव्हा आईच्या मायेने डॉक्टरच्या जागेवर बसण्याचा हट्ट धरू नये.

झाकली मूठ

शेवटी, ज्यासाठी एवढा प्रपंच केला, ती गोष्ट. ही सारी अडचण मुळात दुकानाची नाही, विम्याचीही नाही. ती पुष्कळदा आपल्या दिवाणखान्यात सुरू होते. स्थळ चांगले आलेले असते, मुलगा परदेशी असतो, आणि 'मुलीला गोळी आहे' हे सांगितले तर स्थळ मोडेल, या भयाने घर गप्प राहते. आमच्या पाहण्यात एक मुलगी अशी आहे, की जिने फिट्सची गोळी सहा महिने न्हाणीघरात लपून घेतली. 'सासरी बोलू नकोस' असे तिला आईने शपथ घालून सांगितले होते. तिकडे डॉक्टरकडे जावे, तर नवऱ्यास कळणार; न जावे, तर गोळ्या संपणार. या दुहेरी कोंडीत त्या पोरीने काय सोसले असेल, याची कल्पना करवत नाही. गोळ्या संपल्या, झटका आला आणि जे लपविले होते ते सर्वांत वाईट रीतीने उघड झाले. संसार मोडला नाही. पण विश्वास परत येण्यास वर्षे लागली. नवरा इतकेच म्हणाला, 'आधी सांगितले असते, तर गोळ्या मीच आणून दिल्या असत्या.'

कायदाही येथे मुलीच्या बाजूने पुढे सरकला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही विवाहास बाधा मानली होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकण्यात आला. कायद्याने जो कलंक पुसला, तो आपण मनात का बाळगावा? थायरॉइड, दमा, मधुमेह, अपस्मार हे विकार आहेत, दोष नव्हेत. पत्रिका जुळविताना जेवढ्या मोकळेपणाने मंगळाची चर्चा होते, तेवढ्या मोकळेपणाने रोजच्या गोळीची झाली, तर पुष्कळ अनर्थ टळतील. जे स्थळ एका गोळीने मोडते, ते मोडलेलेच बरे.

वरपक्षालाही आमची विनंती आहे. परदेशी नेलेली सून पहिली काही वर्षे बहुधा नोकरी करू शकत नाही. तिच्या हाती स्वतःचा पैसा नसतो, मोटार चालविता येत नाही, विम्याचे कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असते. अशा स्थितीत डॉक्टरकडे नेणे हा तिच्यावर केलेला उपकार नव्हे. पहिल्या महिन्यातच तिच्या नावाचे कार्ड तिच्या हाती द्यावे, जवळचे दवाखाना-दुकान दाखवावे, आणि डॉक्टरांशी तिला एकटीला बोलू द्यावे. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यापासून रुग्णाच्या माहितीला संरक्षण आहे. तिने मनाई केली, तर डॉक्टर तिची माहिती नवऱ्यालाही सांगू शकत नाहीत. इंग्रजी बोलण्याचा धीर होत नसेल, तर रुग्णालयाकडे दुभाषी मागावा. सरकारी अनुदान घेणाऱ्या रुग्णालयांत तो विनामूल्य मिळतो. मनातले दुखणे नवऱ्याच्या तोंडून सांगण्यापेक्षा ते बरे.

आणि मुलींनो, तुमच्या औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि कारण या तीन गोष्टी तुम्हांला स्वतःला तोंडपाठ असू द्या. आईला नव्हे, नवऱ्याला नव्हे. आम्ही शाळेत जन्मभर पाढे पाठ करून घेतले. हा त्यांतलाच एक छोटा पाढा समजा. जाल तेथे पोहोचताच डॉक्टर गाठा, गोळी एक दिवसही अनमान न करता घ्या, आणि शेजारी एखादी नवी मराठी सून उतरली, तर दोन दिवस तिच्याबरोबर दुकानात जाऊन तिला तिकडची नावे शिकवा. लष्करात आलेल्या आपल्या पणज्यांना कोणीतरी असेच शिकविले होते.